चिपला मागणी आहेच, पण फॅबमध्ये पैसे घालावेत का?

ताळेबंद
चिपची मागणी वाढणार याबद्दल मला शंका नाही. तरीही ऐन तेजीत चिपचे कारखाने (फॅब) चालवणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यायला मी तयार नाही, कारण मागणी आणि नफा यांची गल्लत होते आहे.

२००० साली जगभरातली चिपविक्री २०४ अब्ज डॉलर होती, पुढच्याच वर्षी ती १३९ अब्जांवर आली. इंटरनेट पसरणार हा तेव्हाचा अंदाज बरोबरच निघाला. त्यासाठी किती फॅब लागतील हे गणित मात्र चुकलं. फॅब उभी राहायला दोन-तीन वर्षं जातात. तेजीत सगळेच बांधायला घेतात, मग सगळ्यांची क्षमता एकदम बाजारात येते. लाइन अर्धी रिकामी राहिली तरी यंत्रांचा घसारा चालूच राहतो.

सिलिकॉनवेडी
असहमत. २००० चा दाखला आज लागू होत नाही. तेव्हा डीरॅम, म्हणजे संगणकातली मेमरी चिप, बनवणारे कितीतरी होते. त्यातली २००९ मध्ये किमोंडा बुडाली, २०१२ मध्ये एल्पिडा. आता सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडे जवळपास सगळा बाजार आहे. लॉजिकमध्ये, म्हणजे प्रोसेसरसारख्या चिपमध्ये, ग्लोबलफाउंड्रीजने २०१८ साली ७ नॅनोमीटरचा (आकडा जितका लहान तितकं तंत्र पुढचं) नाद सोडला, कारण तो खर्च झेपण्यासारखा नव्हता. दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीचं २०२४ मधलं ग्रॉस मार्जिन (उत्पादनखर्च वजा जाता विक्रीतला उरणारा वाटा) ५६ टक्के होतं. जिला भाव ठरवता येत नाही अशा कंपनीला इतकं मार्जिन मिळत नाही.

ताळेबंद
टीएसएमसीचं मान्य. पण तिघेच उरल्याने मेमरीला शिस्त आली म्हणता, मग २०२३ मध्ये काय झालं? मायक्रॉनला त्या आर्थिक वर्षात ५.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला, सॅमसंगच्या चिप विभागाला सुमारे १५ लाख कोटी वॉनचा.

शिवाय आता सरकारं उतरली आहेत. अमेरिकेच्या २०२२ च्या चिप्स कायद्यात उत्पादनासाठी ३९ अब्ज डॉलर ठेवले आहेत. सरकारला फॅब आपल्या भूमीवर हवी असते, ती भरलेली राहते की नाही ही काळजी भागधारकाची.

सिलिकॉनवेडी
आणि २०२४ मध्ये हायनिक्सने तोवरचा विक्रमी नफा कमावला, तेही सांगा ना! एआयच्या प्रोसेसरला लागणारी एचबीएम मेमरी (थरावर थर रचलेली वेगवान डीरॅम) वेफर, म्हणजे चिप ज्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, फार खाते. तेवढीच साठवण साध्या डीडीआर-५ मेमरीमध्ये करण्याच्या तुलनेत साधारण तिप्पट. म्हणजे एचबीएम वाढली की साध्या मेमरीची क्षमता आपोआप आटते. मागच्या तेज्यांमध्ये हे नव्हतं.

रात्रपाळी
मी बरीच वर्षं क्लीनरूममध्ये (फॅबच्या धूळविरहित दालनात) काढली, म्हणून राहवत नाही. २०२१ च्या टंचाईत गिऱ्हाइकं गरजेच्या दुप्पट ऑर्डर देत होती, दोन-दोन फाउंड्र्यांकडे (दुसऱ्यांसाठी चिप बनवणाऱ्या कंपन्यांकडे) एकाच वेळी. त्या आकड्यांवर आमची नवी लाइन मंजूर झाली. दीड वर्षाने तेच लोक माल उचलेनात, लॉटमागून लॉट होल्डवर. ऑर्डरबुक भरलेलं आहे म्हणून कुणी आश्वासन दिलं की मला ते दिवस आठवतात.

अजून एक. तुम्ही दोघे फक्त एआयचं बोलताय. गाड्या, मीटर, चार्जर यांच्यातल्या बहुतेक चिप २८ नॅनोमीटर किंवा त्याहून जुन्या तंत्रावर बनतात. तिथे चीनमध्ये क्षमता झपाट्याने वाढते आहे आणि त्याचा भावांवर दबाव येतो. ‘सेमीकंडक्टर घ्या’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, कोणता?

नवखा
मग यंत्रं बनवणारी कंपनी घेतली तर? ईयूव्ही यंत्र (सगळ्यात पुढच्या चिपची नक्षी प्रकाशाने छापणारं) जगात एकटी एएसएमएल बनवते. फॅब कुणाचीही असो, यंत्र तिचंच.

ताळेबंद
मक्तेदारी खरी आहे. सेकंदाला ५०,००० कथिलाचे थेंब लेसरने फोडून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढायचा, हे उत्पादनाच्या पातळीवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. पण फॅबचा भांडवली खर्च हीच एएसएमएलची विक्री, आणि मंदीत कात्री पहिली तिथेच लागते. निर्यातबंदीही आहे, चीनला ईयूव्ही विकता येत नाही. बसवलेल्या यंत्रांच्या देखभालीचं उत्पन्न तेवढं टिकाऊ वाटतं.

माझं मत बदलायचं असेल तर एकच गोष्ट लागेल. गिऱ्हाइकाने क्षमतेचे पैसे आगाऊ मोजावेत, आणि माल उचलला नाही तरी ते परत मागू नयेत.

रात्रपाळी
तसे करार २०२१ मध्ये आमच्याकडेही झाले होते. मंदी आल्यावर गिऱ्हाईक पुन्हा बोलणी करायला आलं, आणि मोठं गिऱ्हाईक तोडायची हिंमत कुणाला नव्हती.

सिलिकॉनवेडी
कारण त्याला दुसरीकडे जायची सोय होती. सगळ्यात पुढच्या तंत्रावर ती जवळजवळ नाही. टीएसएमसीला सोडून जाणार कुठे? मी तेवढीच एक ठेवणार, मेमरीचा हट्ट सोडते.