जननेंद्रियावरील न दुखणारी जखम भरत आली आहे. तरीही तपासणी करावी का?

प्रश्नकर्ता:
माझ्या शिश्नावर बारा दिवसांपूर्वी एक लहान जखम दिसली. ती दुखत नाही, तिच्या कडा कडक लागतात आणि जांघेत गाठ जाणवते. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावल्यापासून ती सुकू लागली आहे. संकोचामुळे मी अजून डॉक्टरांकडे गेलेलो नाही. आता तपासणीची गरज उरली आहे का?

पहिले उत्तर:
गरज निश्चित आहे. आपल्या वर्णनावरून पहिली शंका सिफिलिसची, म्हणजे उपदंशाची येते. त्याचा व्रण संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी उमटतो, बहुधा दुखत नाही आणि काहीही उपचार न करता तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. त्यामुळे श्रेय मलमाला मिळते, जंतू मात्र शरीरात राहतात आणि पुढे अंगावर पुरळ, तर काही रुग्णांत बऱ्याच वर्षांनी मेंदूचे व हृदयाचे विकार निर्माण करतात. सिफिलिससाठीची व्हीडीआरएल ही रक्तचाचणी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून शंका असल्यास ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. एचआयव्हीची चाचणीही सोबतच करून घ्या, कारण व्रणामुळे त्या विषाणूचा शिरकाव सोपा होतो.

दुसरे उत्तर:
मी सहमत आहे, परंतु नुसते पाहून केलेले निदान अनुभवी डॉक्टरांचेही चुकते. हर्पिस या विषाणूजन्य संसर्गात बारीक फोडांचा पुंजका येतो, ते फुटून दुखऱ्या जखमा होतात आणि हा त्रास पुन्हा पुन्हा उद्भवतो. असायक्लोव्हिर या औषधाने तो आटोक्यात येतो, विषाणू मात्र कायमचा जात नाही. शँक्रॉइड या आणखी एका लैंगिक संसर्गाचा व्रण मऊ व फार दुखरा असतो.

तिसरे उत्तर:
प्रत्येक व्रण लैंगिक संबंधातूनच येतो, असेही नाही. एका वेदनाशामक गोळीमुळे मला दोनदा नेमक्या त्याच जागी चट्टा उठून जखम झाली होती, आणि कारण कळेपर्यंत मी विनाकारण अपराधी भावनेने पोळलो. बेहचेटच्या आजारात तोंडातही वारंवार व्रण येतात. जखम अनेक आठवडे भरलीच नाही, तर कर्करोग नाही ना हे पाहण्यासाठी बायोप्सी, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणी, करावी लागते.

प्रश्नकर्ता:
मी उद्याच त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांकडे जात आहे. सिफिलिस निघाल्यास पत्नीला सांगावे लागेल का?

पहिले उत्तर:
होय, आणि उशीर न करता. त्यांना काही त्रास नसला तरी तपासणी व उपचार आवश्यक असतात; गर्भावस्थेत तर हा संसर्ग बाळाच्या जिवावर बेतू शकतो. दोघांचे उपचार पूर्ण होऊन जखम भरेपर्यंत संबंध टाळा. या अवस्थेत बेन्झाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एकच इंजेक्शन सहसा पुरते. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. इंजेक्शननंतर पहिल्या चोवीस तासांत थंडी-ताप व अंगदुखी होऊ शकते. ती जंतू मरू लागल्याची प्रतिक्रिया असते आणि सहसा एका दिवसात ओसरते. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठा.