लॅपटॉप दरवेळी 'रिपेअरिंग ड्राइव्ह'वरच अडकतोय

सिडकोवाला: ओझरच्या द्राक्ष पॅकहाउसचा सगळा हिशोब यात आहे. विंडोज १०, जुनी हार्ड डिस्क. चालू केला की 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह सी', शंभर टक्के, रीस्टार्ट, परत तेच. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा. हंगाम तोंडावर आहे हो!

पंचवटीकर: फॉरमॅट अजिबात नको, दादा. डिस्कवर 'डर्टी' खूण असली की विंडोज सुरू होताना तपासणी करतं. डिस्कचे सेक्टर, म्हणजे डेटा साठवणारे छोटे कप्पे, खराब असले तर ती खूण पुसलीच जात नाही बऱ्याचदा. चेकडिस्क, म्हणजे हीच तपासणी, पुन्हा पुन्हा चालवणं म्हणजे आजारी बैल नांगराला जुंपणं. आधी डेटा! दुसऱ्या कंप्युटरवर उबंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करून फायली बाहेरच्या डिस्कवर काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा.

इंदिरानगर_नाशिक: तपासणी सुरू व्हायच्या आधी काही सेकंद मिळतात, तेव्हा कीबोर्डवरची कुठलीही की दाबली तर ती टळते. आत गेलात की क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) बघा. 'चेकएनटीएफएस' कमांडने तपासणी बंद करा असं कुणी सांगेल, पण त्याने दुखणं फक्त झाकलं जातं.

सिडकोवाला: गेलो आत. डिस्कच्या तब्येतीपुढे पिवळं 'कॉशन', म्हणजे सावधानतेचा इशारा. टॅलीचं फोल्डर आधी काढतोय. बॅटरी मेलेली, लाइटचा भरवसा नाही. एसएसडी कुठली घेऊ?

पंचवटीकर: आधी कॉपी होऊ द्या!