मदत हवी आहे : जी६पीडी ही रक्ततपासणी नागपुरात कुठे होते?

नमस्कार मंडळी. माझा भाचा पुलाच्या कामावर भामरागडला असतो. राखीला घरी आला तो थंडीनं कुडकुडतच. रक्त तपासलं तर मलेरिया, व्हायवॅक्स प्रकारचा. गडचिरोलीच्या जंगलात राहून मच्छरदाणी पेटीत ठेवणाऱ्याला काय म्हणावं! तीन दिवसांच्या क्लोरोक्विननं ताप उतरला, आता म्हणतो, "मामी, मी झालो बरा." पण व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात न् काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. त्यासाठी १४ दिवस प्रायमाक्विन. ज्यांच्यात जी६पीडी हे रक्तातलं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटू शकतात, म्हणून डॉक्टरांनी आधी तपासणी सांगितली. सरकारी दवाखान्यांपैकी मेडिकलला होते का, की मेयोत? बाहेरच्या लॅबमध्ये खर्च किती येतो, रिपोर्ट कधी मिळतो? कुणी नुकतीच केली असेल तर सांगा, गोळ्या अडून आहेत.

आणखी एक. महाल भागातल्या आमच्या जुन्या विहिरीत गप्पी मासे सोडायचे आहेत, डासांच्या अळ्या खातात म्हणून. मनपाकडे मिळतात का? कूलर आम्ही कधीच कोरडे केले. शेजाऱ्यांचे मात्र अजून भरलेलेच आहेत, त्यांना सांगून सांगून थकले.