कोल्हापूर स्टेशनात उतरलात, मग पुढं काय केलंत? अनुभव सांगा

महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी आली की स्टेशनाबाहेर जी गर्दी होते, त्यातले निम्मे लोक रिक्षावाल्याला एकच नाव सांगतात: अंबाबाई. दर्शन झालं, तांबडा-पांढरा झाला, चपला घेतल्या की मंडळी रात्रीच्या गाडीनं परत. मी शाहूपुरीत वाढलोय. मला मनापासून वाटतं की पाहुण्यानं या गावाला अजून थोडा वेळ द्यावा, आणि सुरुवात स्टेशनापासूनच करावी.

या रेल्वेची पायाभरणी 3 मे 1888 रोजी झाली, शाहू महाराजांच्या हातून. महाराज तेव्हा चौदा वर्षांचेही नव्हते, राज्याभिषेकाला अजून सहा वर्षं होती. कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या पैशातून मिरजेपर्यंतचा सुमारे 47 किलोमीटरचा फाटा बांधून घेतला आणि 1891 मध्ये गाडी सुरू झाली. आज स्टेशनाला महाराजांचंच नाव आहे. वैभववाडीपर्यंत नेऊन कोकणाला जोडायची मागणी जुनी आहे, पण अजून तरी रूळ इथंच संपतात. त्यामुळं झोप लागली तरी स्टेशन चुकायची भीती नाही.

तुम्ही इथं कधी उतरलात, सामान कुठं ठेवलंत, कुठं गेलात, काय आवडलं, काय खटकलं, सगळं लिहा. नव्यानं येणाऱ्याला उपयोग होईल असं लिहिलंत तर फारच बरं.

शाहूपुरी, वय पंच्याहत्तरच्या पुढं

आमच्या वडिलांचं गुळाचं अडत दुकान होतं. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती स्टेशनच्या दाराशी, आणि त्यात मोठा विचार होता. गुऱ्हाळावरून बैलगाडीनं गूळ यायचा, सौदे व्हायचे आणि तोच माल वॅगनीत चढून गुजरातकडं जायचा. मला आठवतात ते गुळाचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा. एकेक रवा कापडात बांधलेला, हमाल दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलायचे, आणि दुपारच्या उन्हात कापडातून पाक पाझरायचा. मालधक्क्यावर चालताना पायाला चिकटायचं. माश्या तर विचारू नका.

1971 पर्यंत आपल्याकडं मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीचे रूळ होते. मुंबईला जायचं तर पुण्याला गाडी बदलायला लागायची. ट्रंका, वळकट्या आणि पोरंबाळं घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर. ब्रॉडगेज झाल्यावर थेट मुंबई, तेव्हा घरात पेढे वाटलेले. आता वंदे भारत पुण्याला जाते. 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा नातवानं मला मुद्दाम बघायला नेलं होतं.

मिरजेहून रोज ये-जा करणारी

पासवाल्यांच्या बाजूनं लिहिते. जयसिंगपूर, निमशिरगाव, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गूळ मार्केट ही नावं मला झोपेतही ओळीनं म्हणता येतील. आमच्या डब्यात भाजीवाल्या मावश्या, कॉलेजची पोरं, सीपीआर या सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन निघालेले, सगळे असतात. पाहुण्यांनी एकदा तरी ही पॅसेंजर पकडावी. रुकडीजवळ पंचगंगेचा पूल येतो तेव्हा खिडकीशी बसा, दोन्ही बाजूंनी उसाचे फड आणि मधे नदी.

पावसाळ्यात मात्र तोच पूल आमचा जीव टांगणीला लावतो. मोठा पूर आला की गाड्या मिरजेतच थांबतात. ऑगस्ट 2019 मध्ये तर शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली होता, म्हणजे गाव सगळीकडून तुटलेलं. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी निघायच्या आधी पंचगंगेची पातळी बघावी. इथं राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पेपरात येते आणि आम्ही ती आधी वाचतो, बाकीच्या बातम्या मग.

नागपूरकर

आईला अंबाबाईचं दर्शन घडवायचं होतं. महाराष्ट्र एक्सप्रेसनं आलो. गोंदियाहून निघून कोल्हापूरपर्यंत साडेतेराशेच्या आसपास किलोमीटर, आणि एवढा प्रवास एकाच राज्यात! आईचे गुडघे गेलेले. चाकाची खुर्ची मागितली, ती मिळाली, आणि गाडी एक नंबरला लागल्यामुळं जिना चढावा लागला नाही, हे नशीब.

सामानाबद्दल सांगतो, कारण आमच्यापुढच्या एका कुटुंबाची तिथंच अडचण झाली. क्लोकरूममध्ये बॅग ठेवायची तर तिला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. उघडी पिशवी, नुसती गाठ मारलेलं गाठोडं घेत नाहीत. छोटं कुलूप घरूनच आणा. रात्र काढायची असेल तर विश्रामकक्ष तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन राखून ठेवता येतो. म्हातारी माणसं सोबत असली की त्याचा फार आधार. बाहेर एका रिक्षावाल्यानं देवळापर्यंतचे अवाच्या सवा पैसे सांगितले. दुसऱ्यानं निम्म्यात नेलं, आईला हात धरून उतरवलं, वर देवळात जायचा सोपा रस्ताही दाखवला.

राजारामपुरीतून

आमचं घर रुळांच्या पलीकडं. मुसळधार पाऊस असेल आणि गाडी पकडायची असेल तर परीख पुलाखालून यायचा विचार करू नका, पाणी साचतं. पाहुण्याला कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

27 जुलै 2019 च्या महालक्ष्मीत होतो

आदल्या रात्री मुंबईहून निघालो. बदलापूर सोडलं आणि वांगणीच्या अलीकडं गाडी थांबली ती थांबलीच. उजाडल्यावर बाहेर बघतो तर रूळ दिसेनात, दोन्हीकडं पाणीच पाणी. डब्याच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. गाडीत हजारावर माणसं, त्यात गरोदर बायका, तान्ही मुलं. आमच्या डब्यात एका आजींनी सोबतच्या जेवणाच्या डब्यातून भाकऱ्या काढल्या आणि चतकोर-चतकोर करून आधी पोरांना दिल्या. ओळख ना पाळख. पुढं एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची माणसं आली, आसपासच्या गावांतली पोरं पाण्यात उतरली. सगळे सुखरूप बाहेर निघाले. कल्याणहून कोल्हापूरला खास गाडी सोडली होती, तिनं आलो.

फलाटावर पाय ठेवला तेव्हा स्टेशनच्या पाटीवरचं नाव वाचून मला रडू फुटलं. अनुभव स्थळांचे मागितलेत, हे ठाऊक आहे. पण माझ्यासाठी कोल्हापूर स्टेशन म्हणजे तो दिवस, म्हणून लिहिलं.

धागाकर्ता

लिहिलंत ते बरं केलंत. हे इथं हवंच होतं. अजून कोणी वळिवडेचं बोललं नाही. कुणाला माहिती आहे का?

गांधीनगर

आहे की. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, 1943 ते 1948. जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. ते गेले आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. आजची गांधीनगरची कापडपेठ तिथूनच उभी राहिली. म्हणजे एकाच जागेवर, पाठोपाठ, घरदार सुटलेल्या दोन समाजांना या मातीनं थारा दिला. मला याचा फार अभिमान आहे. छावणीत वाढलेले लोक म्हातारपणी पोलंडहून इथं येऊन गेले, जुन्या खुणा शोधत फिरले. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, स्टेशनपासून लांब नाही. जरूर बघा. बाजूनं रोज जाणाऱ्यांनासुद्धा तो कशाचा हे ठाऊक नसतं.

शिक्षिका, कसबा बावडा

मुलांना घेऊन मी दरवर्षी पायीच निघते. स्टेशन रोड, मध्यवर्ती बसस्थानक, व्हीनस कॉर्नर आणि दसरा चौक. इथं शाहू महाराजांचा पुतळा आहे, तिथं दहा मिनिटं थांबा आणि भोवताली नजर टाका. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशी वसतिगृहं याच परिसरात आहेत. खेड्यातल्या पोराला शहरात राहायची सोय नसेल तर तो शिकणार कसा, या प्रश्नाला महाराजांनी दिलेलं उत्तर असं विटा-दगडांत उभं आहे.

तिथून सीपीआरच्या बाजूला टाउन हॉल. या संग्रहालयात कुणी शिरत नाही, आणि मला हेच सर्वांत जास्त सलतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, त्यात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती इथं आहे. वीतभरही उंची नाही. रोमन जगातला हा समुद्रदेव सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी आला, म्हणजे इथल्या व्यापाऱ्यांचे हात कुठवर पोचले होते ते बघा! मुलं काचेला नाक लावून बघतात. त्यांना मी सांगते, आपल्या गावाला रेल्वे यायच्या दीड-पावणेदोन हजार वर्षं आधीच बाहेरचं जग येऊन गेलंय. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

वेळ उरला तर बावड्याच्या रस्त्यावरचा न्यू पॅलेस. चार्ल्स मँटनं आखलेला, 1884 मध्ये पूर्ण झालेला.

पेठेतला

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कुणी लिहिलाच नाही? 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, आणि 9 ते 11 नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, आधी देवीच्या चरणांवर, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत. ढग असले तर नाही. आम्ही जन्मापासून बघतोय तरी दरवेळी अंगावर काटा येतो.

आणि भावा, रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर ये. म्हैस समोर, धार थेट ग्लासात, वर चार बोटं फेस, ग्लास हाताला कोमट लागतो. उभ्यानं प्यायचं. असलं दूध पॅकेटात मिळत नाही. नाद खुळा!

जयसिंगपूर

नरसोबाच्या वाडीला जायचं असेल तर कोल्हापूरपर्यंत जाऊन उलटं येऊ नका. जयसिंगपूरला उतरा, तिथून शिरोळमार्गे एसटी किंवा वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी खासगी गाडी मिळते. तसंच पुढं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर करा आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं कोल्हापूर गाठा. पन्हाळा आणि जोतिबा दुसऱ्या दिवशी ठेवा. दोन्हीकडं गाड्या मध्यवर्ती बसस्थानकातून सुटतात, आणि ते स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. चैत्र यात्रेत जोतिबाला जाणार असाल तर परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा.