चौथ्या खेपेला लायसन्स मिळालं. टेस्ट एवढी कडक हवी का?

गंगापूररोडची_आई: पास झाल्याचा मेसेज आला तेव्हा मेथी निवडत होते, जुडी तशीच टाकून घरभर ओरडले! पहिल्यांदा ट्रॅकवर आठच्या आकड्यात गाडी फिरवताना खांबाला लागले, दुसऱ्यांदा रिव्हर्सला रेघ ओलांडली, तिसऱ्यांदा चढावर गाडी वीतभर मागे सरकली. तीनदा नापास झालं की कायद्याने ६० दिवस थांबावं लागतं. ते दोन महिने रोज पहाटे सोसायटीच्या बेसमेंटचा चढ, काचेवर लाल एल, शेजारी जांभया देणारा नवरा. हँडब्रेक ओढायचा, क्लच हळूहळू सोडायचा, बोनेट जरासं उचललं की हँडब्रेक खाली. क्लासमध्ये हे कधी जमलंच नाही, कारण सरच त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबायचे. पहिल्याच खेपेला पास केलं असतं तर कसारा घाटात मागच्याच्या बोनेटवर जाऊन बसले असते. टेस्ट अशीच हवी.

सेकंड_शिफ्ट_सिडको: अभिनंदन ताई, पण पटलं नाही. आठ काढता आला म्हणून संध्याकाळी सातला नाशिकचा द्वारका चौक पार करता येत नाही. तिथे उलट्या बाजूने रिक्षा येते, ती ट्रॅकवर कुठे असते? आणि आमच्यासारख्याला दर टेस्टला खाडा पडतो. फेरटेस्टचे ३०० रुपये दिसतात, बुडालेला रोज कुणी मोजत नाही. लर्निंग लायसन्स सहाच महिने चालतं. पहिले ३० दिवस टेस्ट नाही, नापास झालं की ७ दिवस थांबा, तिसऱ्यानंतर ६०. स्लॉट लांबला की लर्निंगच संपलं.

निफाडकर_बागायतदार: आमच्याकडची पोरं द्राक्षाचे क्रेट भरलेली पिकअप बांधावरून उलटी काढतात, आणि ट्रॅकवर नापास! का, तर आरशात बघत नाहीत, मान बाहेर काढून बघतात.

गंगापूररोडची_आई: मग बरोबरच केलं की नापास! बांधावर मागे बैल असतो, तो सरकतो. शाळेतलं पोर नाही सरकत.

निफाडकर_बागायतदार: बैल सरकतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?

गंगापूररोडची_आई: बरं, बैल मागे घेते. सिडकोवाल्या दादांचं खाड्याचं मात्र खरं आहे. रविवारी टेस्ट ठेवली तर निम्मी कटकट संपेल. पण सोपी करू नका. रस्त्यावर गर्दी आहे म्हणून चढावर गाडी धरता येण्याची गरज कमी होते का?

सेकंड_शिफ्ट_सिडको: मत बदललेलं नाही. पण ते बोनेट उचलतं म्हणजे नक्की किती? मंगळवारी माझी तिसरी आहे.

गंगापूररोडची_आई: दोन बोटं. रविवारी सकाळी या बेसमेंटला, वॉचमनला सांगून ठेवते. येताना लायसन्सवाला माणूस सोबत आणा, आमचे हे आता उठायचे नाहीत.