रिबॉर्न बाहुल्यांची पुनर्विक्रीची किंमत कशी ठरवावी? (सल्ला हवा आहे)

निशिगंधा_कोलंबस

नमस्कार. ओहायोत आमच्या शेजारी राहणाऱ्या एक अमेरिकन आजी लवकरच वृद्धनिवासात राहायला जाणार आहेत. त्यांच्याकडे तान्ह्या बाळासारख्या हुबेहूब दिसणाऱ्या बाहुल्यांचा मोठा संग्रह आहे. नव्या जागी त्यांना एकच खोली मिळणार असल्यामुळे एक बाहुली जवळ ठेवून बाकीच्या विकाव्यात असे त्यांनी ठरवले आहे. जवळचे कोणी नातेवाईक नाहीत आणि ऑनलाइन व्यवहार त्यांना जमत नाहीत, म्हणून हे काम त्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिले आहे.

संग्रहात ली मिडलटन कंपनीच्या बऱ्याच बाहुल्या, ॲश्टन-ड्रेकच्या मूळ खोक्यातल्या दोन, कोणा कलाकारांनी हाताने रंगवलेल्या दोन रिबॉर्न आणि संपूर्ण सिलिकॉनची एक बाहुली आहे. जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराने सगळा संग्रह पाहून ४०० डॉलर एकरकमी देऊ केले. आजींनी मात्र प्रत्येक बाहुलीची खरेदीची किंमत वहीत लिहून ठेवली आहे आणि तिची बेरीज या रकमेच्या कितीतरी पट होते. खरी किंमत कशी शोधावी? मला यात एक पैशाचाही मोबदला नको आहे. फक्त आजींचे नुकसान होऊ नये एवढेच वाटते.

मृण्मयी_लेस्टर

निशिगंधाताई, मी स्वतः रिबॉर्न रंगवते आणि अधूनमधून इतरांच्या बाहुल्या दुरुस्तही करून देते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पहिली विनंती अशी की दुकानदाराला तूर्त होकार देऊ नका. दुसरी अशी की वहीतले आकडेही बाजूला ठेवा. तुम्ही एका संग्रहाचा उल्लेख केला असला तरी बाजाराच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या जातीच्या वस्तू आहेत (कारखान्यातल्या, रिबॉर्न आणि सिलिकॉनच्या) आणि त्यांची सरसकट एक किंमत काढता येत नाही.

ॲश्टन-ड्रेक ही इलिनॉयमधली कंपनी टपालाने आणि हप्त्यांवर बाहुल्या विकत आली आहे. त्यांच्यासोबत प्रमाणपत्र आणि अनुक्रमांक येतो, त्यामुळे घेणाऱ्याला ती दुर्मीळ वस्तू वाटते. पण त्या कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होतात आणि खोक्यासह असल्या तरी बहुधा मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी दराने विकल्या जातात. ली मिडलटनच्या बाहुल्या तुमच्याच ओहायोतल्या बेलप्री गावी तयार होत असत. स्वतः ली मिडलटन यांचे १९९७ मध्ये निधन झाले आणि त्यानंतर रेव्हा शिक यांनी घडवलेले चेहरे फार लोकप्रिय झाले. त्यांना आजही प्रेमाने जमवणारे लोक आहेत, मात्र पुरवठा भरपूर असल्यामुळे भाव चढत नाही. त्यातल्या त्यात ज्यांच्याकडे मूळ कपडे, मनगटावरची चिठ्ठी आणि खोके शाबूत आहे, त्या वेगळ्या काढून ठेवा.

रिबॉर्नचे गणित निराळे आहे. तिथे कारखाना फक्त कोरे व्हायनलचे (मऊ प्लास्टिकचे) डोके आणि हातपाय पुरवतो, ज्याला आम्ही किट म्हणतो. पुढचे सगळे काम कलाकाराचे असते. त्वचेखालच्या निळसर शिरा, कोपरांवरचा लालसरपणा, नखांच्या कडा हे सगळे रंगाच्या पातळ थरांतून उभे करावे लागते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उष्णतेने पक्क्या होणाऱ्या रंगांचा प्रत्येक थर साधारण १३० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये भाजावा लागतो. मग मोहेरचे (अंगोरा शेळीच्या लोकरीचे) केस सुईने एकेक करून डोक्यात रोवायचे आणि अंगात काचेचे बारीक मणी भरून बाळाचे वजन आणायचे. म्हणून एकाच किटची एक बाहुली १५० डॉलरला जाते आणि दुसरी १,२०० डॉलरला. चेहरा तोच असतो, रंगवणारा हात वेगळा असतो.

तेव्हा आधी दोन्ही रिबॉर्नची ओळख पटवा. मानेपाशी कापडी अंग केबल टायने आवळलेले असते. तो टाय जपून कापला की डोके वेगळे होते (नवीन टाय आधीच आणून ठेवा) आणि मानेच्या आतल्या कडेवर किटचे नाव, किटचा मूळ चेहरा घडवणाऱ्या मूर्तिकाराची सही आणि मर्यादित आवृत्ती असेल तर तिचा क्रमांक दिसतो. रंगवणाऱ्या कलाकाराची सही बहुधा डोक्याच्या मागे, केसांच्या रेषेखाली किंवा कापडी अंगावर असते. प्रमाणपत्रेही दोन असू शकतात: एक किटचे, मूर्तिकाराकडून आलेले, आणि दुसरे रंगवणाऱ्याचे. पहिल्याने किट अस्सल असल्याचे कळते. किंमत मात्र मुख्यतः दुसऱ्याने ठरते.

श्रीरंग_एडिसन

मृण्मयीताईंनी वस्तूची ओळख सांगितली आहे, मी बाजाराचे सांगतो. आमच्या घरी पत्नीचा असाच संग्रह होता आणि तो विकताना आम्ही बराच अभ्यास केला होता.

ईबेवर सध्या विक्रीला असलेल्या बाहुल्यांच्या किमती अजिबात पाहू नका, कारण त्या विक्रेत्यांच्या अपेक्षा असतात. शोध घेताना ‘विकलेल्या वस्तू’ ही चाळणी लावा, म्हणजे मागच्या साधारण ९० दिवसांत प्रत्यक्ष पैसे मोजून गेलेल्या बाहुल्या दिसतात. रिबॉर्नसारख्या तुरळक विकल्या जाणाऱ्या वस्तूला एवढी मुदत अपुरी पडते. विक्रेत्याच्या खात्यात टेरापीक नावाची सोय आहे. तिच्यात ३ वर्षांपर्यंतचे व्यवहार सापडतात. तिथे किटचे नाव आणि कलाकाराचे नाव एकत्र टाकून शोधा, आणि काहीच मिळाले नाही तरच दोन्ही स्वतंत्रपणे शोधा. एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या: ज्या विक्रीपुढे किंमत खोडलेली दिसते आणि देऊ केलेली रक्कम स्वीकारल्याची नोंद असते, तिथे सौदा त्या आकड्याच्या खाली झालेला असतो.

मिळालेल्या किमतीतून ईबेची साधारण १३ ते १४ टक्के कपात होते, आणि वजनदार बाहुली विम्यासह पाठवण्याचा खर्चही आपल्याच अंगावर पडू शकतो. हातात किती येणार हे मांडूनच आजींना आकडा सांगा.

केतकी_कोथरूड

माझ्या भाचीला अशा बाहुल्यांचे फार वेड आहे. यातल्या एक-दोन पुण्याला पाठवून इथे विकल्या तर जास्त पैसे येणार नाहीत का? इथे अशा बाहुल्या सहज मिळत नाहीत.

श्रीरंग_एडिसन

केतकीताई, विक्रीसाठी पाठवणे परवडणार नाही. भारताने खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ७० टक्क्यांवर नेले. त्यावर कर आणि विमान टपालाचा खर्च धरला तर भारतातल्या ग्राहकाला ती बाहुली अमेरिकेपेक्षा कितीतरी महाग पडेल. शिवाय या वस्तूंचे जाणकार ग्राहक मुख्यतः अमेरिका आणि युरोपात आहेत.

निशिगंधा_कोलंबस

सर्वांचे मनापासून आभार. आजींच्या समोर बसूनच दोन्ही रिबॉर्न उघडल्या. पहिलीच्या मानेवर बाउंटिफुल बेबीचे नाव असून ती रिअलबॉर्न मालिकेतली आहे. रंगवणाऱ्याची सही कुठेच नाही आणि केस रोवलेले नसून रंगवलेले आहेत. दुसरीच्या मानेवर मूर्तिकाराच्या हस्ताक्षरात २१४/६५० (६५० पैकी २१४ वी) असा क्रमांक आहे, कापडी अंगावर कलाकाराची सही आणि वर्ष आहे, आणि आजींनी दोन्ही प्रमाणपत्रे, तसेच कलाकाराने त्या वेळी लिहिलेले पत्रही जपून ठेवले आहे. हिच्या उजव्या मांडीवर मात्र फिकट निळा डाग आहे आणि तो ओल्या फडक्याने जात नाही. सिलिकॉनच्या बाहुलीसोबत कोणताही कागद नाही. काखेत साधारण अर्ध्या इंचाची चीर आहे.

मृण्मयी_लेस्टर

कृपा करून त्या डागावर आता काहीही लावू नका. गडद रंगाच्या कपड्याचा रंग व्हायनलमध्ये उतरला की असा डाग पडतो. नखांच्या पॉलिशचा रिमूव्हर वगैरे वापरल्यास डागासोबत कलाकाराचे रंगकामही निघून जाईल, आणि मग तिची किंमत किटच्या किमतीजवळ येऊन थांबेल. डाग कपड्याखाली झाकला जात असल्यामुळे नुकसान मर्यादित आहे. त्याचा स्पष्ट फोटो द्या आणि वर्णनात लिहा.

पहिली बाहुली मर्यादित आवृत्तीतली नाही असे धरून चाला. युटामधली बाउंटिफुल बेबी ही कंपनी खऱ्या बाळांच्या त्रिमितीय स्कॅनवरून रिअलबॉर्नची किटे करते; चेहरे अतिशय जिवंत असतात, परंतु तेच किट अनेकांनी रंगवलेले असते. सही नसेल तर ग्राहक केवळ कामाची सफाई पाहून पैसे देतो. फोटोवरून काम नीटनेटके दिसत असेल तर १५० ते २५० डॉलर ही माझ्या मते रास्त अपेक्षा आहे.

दुसरी बाहुली हा या संग्रहाचा खरा ऐवज आहे. ६५० ची आवृत्ती फार लहान नाही, पण ते किट आता कंपनीकडे संपले असेल तर कोऱ्या किटलाही दुय्यम बाजारात जास्त पैसे मिळतात, आणि त्यावर कलाकाराचे काम आहे. तो कलाकार अजून रंगवतो का आणि त्याच्या नव्या बाहुल्या आज कितीला जातात, हे शोधा. शक्य असल्यास त्यालाच लिहून विचारा की हे आपलेच काम आहे का. आपली जुनी बाहुली नव्या घरी जाते आहे हे कळल्यावर आमच्यापैकी बहुतेक जण आनंदाने उत्तर देतात, आणि ते उत्तर ग्राहकाला दाखवता येते. ही बाहुली प्रोटोटाइप आहे का, हेही त्या पत्रात पाहा. किट बाजारात येण्यापूर्वी मूर्तिकार निवडक कलाकारांकडून काही नमुने रंगवून घेतो, आणि त्यांची किंमत सामान्य प्रतीच्या अनेक पट असू शकते. परंतु तुमच्या बाहुलीवर २१४ हा क्रमांक असल्यामुळे ती शक्यता कमी वाटते. डाग धरूनही ५०० डॉलरच्या खाली तिला सोडू नये असे माझे मत आहे. वरची मर्यादा कलाकाराच्या नावावर ठरेल.

सिलिकॉनबद्दल सावधपणे सांगते. कलाकाराने स्वतः ओतलेली आणि रंगवलेली सिलिकॉनची बाहुली हजारो डॉलरला जाते, मात्र कारखान्यातल्या स्वस्त सिलिकॉनच्या बाहुल्याही आता भरपूर मिळतात. कागद नसताना पहिल्या प्रकारची किंमत मागता येणार नाही. काखेतली चीर दिवसेंदिवस वाढते, म्हणून तिचे कपडे सारखे काढू-घालू नका आणि हात वर उचलू नका.

श्रीरंग_एडिसन

आणखी दोन मुद्दे. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या पसरलेल्या उजेडात आणि कोणताही फिल्टर न लावता काढा: चेहरा, डोक्याची मागची बाजू, तळहात, तळपाय, मानेवरचा क्रमांक आणि दोन्ही प्रमाणपत्रे. एका फोटोत आजची तारीख लिहिलेला कागद बाहुलीशेजारी ठेवा. या व्यवसायात कलाकारांचे फोटो चोरून भलत्याच बाहुल्या विकणाऱ्या जाहिराती इतक्या झाल्या आहेत की जाणकार ग्राहक असा पुरावा आधी मागतात.

दुसरा मुद्दा वाहतुकीचा. बाहुली कुठे दाखवायला नेणार असाल तर गाडीत ठेवून जाऊ नका. उन्हाने रंग आणि व्हायनल खराब होते, आणि २०१६ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या कीन शहरात गाडीत बाळ बेशुद्ध पडले आहे असे समजून पोलिसांनी काच फोडली होती. आत अशीच बाहुली होती.

अभिजित_मूल्यांकन

मी बाहुल्यांमधला तज्ज्ञ नाही, परंतु अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या मूल्यांकनाचे काम करतो. लेखी मूल्यांकन करून घ्यायचे ठरल्यास ते कशासाठी हवे आहे हे आधी सांगा, कारण विम्यासाठी धरली जाणारी बदली-किंमत (तशीच वस्तू पुन्हा घ्यायला लागेल ती रक्कम) आणि खुल्या बाजारातली रास्त किंमत यांत मोठी तफावत असते. विक्रीसाठी दुसरी लागते. वस्तूच्या किमतीची टक्केवारी फी म्हणून मागणारा किंवा स्वतःच ती विकत घ्यायला तयार असणारा मूल्यांकनकार टाळा. तुम्ही सांगितलेल्या संग्रहात लेखी मूल्यांकनाचा खर्च निघेल असे मला वाटत नाही. दुसऱ्या रिबॉर्नचा कलाकार खरोखर नामांकित निघाला, तरच विचार करा.

निशिगंधा_कोलंबस

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. कलाकाराला मेल पाठवली आहे. वहीतले आकडे आणि आजचे बाजारभाव शेजारी-शेजारी मांडून आजींना दाखवले. मिडलटनच्या किमती पाहून त्यांना वाईट वाटले, आणि मलाही. पण कोणत्या बाहुलीला थांबायचे आणि कोणती लगेच द्यायची, हे त्यांनी स्वतः ठरवले. रिअलबॉर्नचा आकडा पाहिल्यावर ‘हिला मी विकत नाही’ म्हणून तीच त्यांनी सोबत नेण्यासाठी बाजूला काढली आहे. मिडलटनच्या बाहुल्या कपड्यांसह दोन-दोनच्या जोड्यांनी विकायच्या, ॲश्टन-ड्रेकच्या खोक्यासह गावातच द्यायच्या, आणि क्रमांक असलेली रिबॉर्न कलाकाराचे उत्तर आल्यावर ६५० डॉलरला लावून ५०० पर्यंत खाली यायचे, असे ठरले आहे. सिलिकॉनची चीर शिवणारा कोणी ओहायोच्या आसपास माहीत असल्यास इथे कळवावे.

मृण्मयी_लेस्टर

सिलिकॉन शिवत नाहीत, सिलिकॉननेच सांधतात, आणि त्याच जातीचे सिलिकॉन वापरले नाही तर जोड धरत नाही. साधा गोंद कोणी सुचवला तर नको म्हणा. दुरुस्तीचा खर्च बाहुलीच्या किमतीपेक्षा जास्त होण्याची शक्यता आहे, म्हणून चीर आहे तशी दाखवून विकणेच मला योग्य वाटते. दुरुस्ती शिकणारे लोक अशा बाहुल्या मुद्दाम शोधत असतात.