प्रतिसाद: मुंबईकरांनो, ओहोटीची वेळ गाठा

झाडं लावण्यापलीकडे शहरातल्या माणसाने जैवविविधतेसाठी काय करावं, असं वर विचारलंय. मुंबईत असाल तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या किनारा-फेरीला नक्की जा. २०१७ मध्ये सुरू झालेला उपक्रम आहे. ओहोटीला खडक उघडे पडले की सागरी जीवांचे जाणकार गिरगाव, जुहू, हाजीअली अशा ठिकाणी लोकांना नेतात. रोज गाडीतून दिसणाऱ्या त्या काळ्या खडकांत सी अ‍ॅनिमोन (फुलासारखे दिसणारे समुद्री जीव), खेकडे, समुद्री गोगलगायी, अगदी प्रवाळंही आहेत, हे पाहून मी थक्क झालो.

तिथलं शिक्षण फार मोलाचं वाटतं. दगड उलटला तर हलकेच होता तसा परत ठेवायचा, कारण त्याच्याखालच्या जीवांना ऊन सोसत नाही. रिकामे शंख गोळा करायचे नाहीत, शंखात राहणाऱ्या खेकड्यांना ते घर म्हणून लागतात. आणि कोन शंखाला (शंकूच्या आकाराचा शंख असलेल्या समुद्री गोगलगायीला) हात लावायचा नाही, ती विषारी असते. मुलांना हे आधीच बजावा.

काढलेले फोटो तारीख आणि ठिकाणासह आयनॅचरलिस्टवर, म्हणजे सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, टाका. या नोंदी खरंच महत्त्वाच्या आहेत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी हाजीअली-वरळीची प्रवाळं हलवावी लागली. तिथे काय जगतंय याची नोंदच नसेल तर वाचवा म्हणायचं कशाच्या आधारावर?

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त ओसरतं. पकड असलेले बूट घाला, पावसाळ्यात मात्र खडकांवर जाऊ नका.